पटाचा हिशोब

सकाळी नेसरीच्या स्टँडवर अर्धा तास उभे राहिले, तर महाराष्ट्रातल्या सरकारी शिक्षणाचे काय चालले आहे ते समजायला वेगळा अहवाल वाचावा लागत नाही. गडहिंग्लज तालुक्याच्या दक्षिण अंगाचे हे बाजाराचे गाव. एका बाजूला चंदगड, दुसऱ्या बाजूला आजरा, आणि थोडे पूर्वेला गेले की कर्नाटक. आजूबाजूच्या वाड्यांवरून पिवळ्या गाड्या येतात, काही ठिकाणी साधी वडापाची जीपच. आत बारकी पोरे दाटीने बसलेली, गळ्यात टाय, पाठीवर पोराहून मोठे दप्तर. गाडी ज्या वाडीतून निघाली त्या वाडीतही शाळा आहे. जिल्हा परिषदेची, दोन-तीन खोल्यांची, भिंतीवर पाढे रंगवलेली. कोल्हापूर जिल्ह्यात या शाळांना ‘विद्या मंदिर’ म्हणायची पद्धत आहे. मंदिर गावातच आहे, पण भाविक रोज सकाळी गाडीत बसून दुसऱ्या देवाला जातात.

नेसरी म्हटले की महाराष्ट्राला सात जण आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथेच. शाळेच्या दप्तरात मात्र सात या आकड्याचे कौतुक नाही. पहिली ते चौथी मिळून सात मुले उरली, की गुरुजी रात्री नीट झोपत नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी एक छोटा मराठी शब्द आहे: पट. हजेरीपटावर जितकी नावे, तितका शाळेचा पट. ‘तुमचा पट किती?’ हा दोन प्राथमिक शिक्षक भेटल्यावरचा पहिला प्रश्न. शिक्षक किती मिळणार, अनुदान किती येणार, शाळा राहणार की जवळच्या शाळेत मिसळणार, हे सगळे पटावर ठरते. सरकारी शाळांच्या दुर्दशेची चर्चा आपण बहुतेक वेळा ‘शिक्षक शिकवत नाहीत’ किंवा ‘पालकांना इंग्रजीचे वेड लागले’ या दोन वाक्यांत संपवतो. दोन्हींत थोडे थोडे खरे आहे. पण शाळा कशी रिकामी होते हे समजून घ्यायचे, तर आधी हा हिशोब मांडावा लागतो.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी प्रश्न नेमका उलटा होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी हे काम त्याआधीच सुरू केले होते. आणि १९१७ च्या सप्टेंबरात शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. १९१७ सालचा एक रुपया म्हणजे गरीब कुटुंबाच्या कमरेला बसणारा फटका. महाराजांचा इरादा तोच होता. करवीरमधल्या चिखलीपासून अंमलबजावणी सुरू झाली. गडहिंग्लज हा याच संस्थानाचा पेटा, म्हणजे तालुक्यासारखा भाग. शेजारचा चंदगड तेव्हा ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात होता, तो कोल्हापुरात आला १९५६ मध्ये. म्हणजे आज एका वडापाच्या फेरीत येतात ती गावे तेव्हा दोन वेगळ्या राज्यांत होती. एकीकडे मूल घरी ठेवले तर दंड, आणि पलीकडे मूल शाळेत गेले काय, न गेले काय, सरकारला त्याचे सोयरसुतक नाही.

शाहू महाराजांनाही पटच वाढवायचा होता. फरक इतकाच, की तेव्हा पट कमी असला तर दंड पालकाला होई. आज पट कमी असला तर दंड शाळेला होतो.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण देण्याचा संकल्प केला. तो दहा वर्षांत काही पुरा झाला नाही, पण १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत शाळा मात्र खरोखर पोचली. आधी देवळात, कुणाच्या सोप्यात, मग कौलारू खोलीत. कौले, वासे, मजुरी गावाने दिली. कोल्हापूरकडे याला ‘शैक्षणिक उठाव’ असा झोकदार शब्द आहे: गावाने वर्गणी काढून शाळेला टेबल, पंखा, संगणक द्यायचा. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या गडहिंग्लज-आजरा-चंदगडच्या माणसांनीही गणपतीला गावी येताना शाळेसाठी काहीबाही आणले. या शाळा वरून आलेल्या फर्मानाने उभ्या राहिलेल्या नाहीत, हे त्यांच्या भवितव्याचा निर्णय घेताना फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग गाडे कुठे अडले? मी २०११ आणि २०१२ या दोन वर्षांवर बोट ठेवीन.

२०११ च्या ऑक्टोबरात तीन दिवस राज्यभर एकदम पटपडताळणी झाली. नांदेड जिल्ह्यात आधी झालेल्या तपासणीत बोगस नावे सापडली होती. राज्यभर मोजल्यावर कागदावरच शिकणारी मुले लाखांच्या घरात निघाली. नावे खोटी, पण त्या नावांवर मंजूर झालेले शिक्षक, गणवेश आणि पोषण आहार खरा. चोरी पकडली हे बरेच झाले. पण औषध काय दिले? पुढच्या वर्षी, मे २०१२ मध्ये, शिक्षकभरतीच बंद. आणि त्याच वर्षी राज्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला, म्हणजे सरकारकडून पैसे न घेता शाळा काढणाऱ्यांना दार उघडले. एका हाताने सरकारी शाळेतल्या माणसांची भरती थांबवली आणि दुसऱ्या हाताने शेजारी नवीन दुकानाला परवाना दिला. कुणी ठरवून हा कट केला, असे मला वाटत नाही. पण एकाच वर्षीच्या या दोन निर्णयांचा परिणाम मात्र कट केल्यासारखाच झाला.

भरती पुन्हा सुरू झाली ती ‘पवित्र’ नावाच्या पोर्टलवरून. पहिली अभियोग्यता चाचणी २०१७ च्या अखेरीस, नेमणुका २०१९ मध्ये, आणि नंतरची मोठी यादी, ११,०८५ उमेदवारांची, थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधल्या काळात गुरुजी निवृत्त होत राहिले आणि डी.एड. झालेली पोरे कुणी पतसंस्थेत, कुणी गोठ्यात राहिली. त्यातच शिक्षक पात्रता परीक्षेचा गैरव्यवहार २०२१ मध्ये उघडकीला आला, त्यामुळे जे प्रामाणिकपणे पास झाले होते त्यांच्याकडेही लोक संशयाने बघू लागले. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’. २०२३ पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना सहा हजार रुपये मिळत, म्हणजे दिवसाला दोनशे. एवढ्या पैशांत गवंड्याच्या हाताखाली बिगारीही येत नाही. २०२३ पासून ते सोळा हजार झाले.

आता हिशोबाकडे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कोष्टकानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन. वाचायला सोपे. पण समजा शाळेत पन्नास मुले आहेत आणि इयत्ता पाच. तिसाला एक शिक्षक या प्रमाणात सरकारी उत्तर बरोबर येते, प्रमाण उत्तमच निघते. प्रत्यक्षात एका शिक्षकासमोर अडीच इयत्ता बसलेल्या असतात. कायद्याने वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन व्हायला हवे, म्हणजे दिवसाला चार तास. दोन शिक्षक पाच इयत्तांना वाटले, की प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचा साधारण दीड तास. त्यातला एक जण केंद्रशाळेत बैठकीला, प्रशिक्षणाला, मतदारयादीच्या कामाला किंवा रजेवर गेला, तर प्रत्येक इयत्तेला दिवसाला अठ्ठेचाळीस मिनिटे. त्यातूनच पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, ऑनलाइन माहिती भरायची, आलेल्या साहेबांना चहा पाजायचा.

ही अठ्ठेचाळीस मिनिटे पालकाला दिसतात. वाडीवरच्या बाईला संचमान्यता, अतिरिक्त शिक्षक, समायोजन हे शब्द माहीत नसतील. पण आपल्या पोराच्या वर्गात गुरुजी निम्मा वेळ नसतात, हे तिला पक्के माहीत असते. ‘तिकडं निदान दर वर्गाला एक बाई तरी हाय की,’ असे ती म्हणते तेव्हा तिला इंग्रजीचे वेड लागले आहे, असा शेरा मारणाऱ्यांनी तो जरा मागे घ्यावा. तिकडची बाई बारावी झालेली असेल, पगार तुटपुंजा असेल, इंग्रजी घोकंपट्टीचे असेल. पण ती वर्गात असते. दोन-चार हुशार, थोड्या खाऊनपिऊन सुखी घरची मुले गाडीत बसली, की पट घसरतो. पट साठच्या वर होता तो खाली येतो, तिसरा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे जातो, उरलेल्या दोघांवर पाच इयत्ता येतात, आणि पुढच्या जूनमध्ये आणखी चार आया गाडीवाल्याला फोन करतात.

गाडीत बसलेल्या पोरांचे तरी भले होते का? ‘असर’ हे घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावणारे सर्वेक्षण ‘प्रथम’ ही संस्था चालवते. त्याच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. खासगी शाळांतले प्रमाण थोडे बरे, पण तेही निम्म्याच्या बरेच खाली. म्हणजे आई दर महिन्याला पैसे मोजून जे विकत घेते, त्यात शिकण्यापेक्षा शिक्षक हजर असल्याची खात्री जास्त असते.

पण सगळा दोष गाड्यांचाही नाही, आणि इथे आपल्या जिल्ह्याने आरशात बघायला हवे. मुलेच कमी जन्मताहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे, म्हणजे आधीच्या पिढीची जागा भरून निघेल त्याहून कमी. ही कुटुंबनियोजनाची यशोगाथा झाली. दुसरी गोष्ट तितकी सांगण्यासारखी नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. २०११ मध्ये ८६३. शाहूंच्या जिल्ह्यात, ऊस आणि दुधाच्या पैशाने सधन झालेल्या जिल्ह्यात. ज्या मुली सोनोग्राफीच्या खोलीतच मोजणीतून गेल्या, त्यांची नावे कुठल्याच विद्या मंदिराच्या पटावर आली नाहीत.

उरलेल्या मुलांसाठी मग मे महिन्यात ओढाताण सुरू होते. महाराष्ट्रात जुनी घडी अशी, की चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल. शिक्षण हक्क कायद्याने पाचवी प्राथमिकमध्ये टाकली. जिल्हा परिषदेने पाचवीचा वर्ग जोडला तर हायस्कूलच्या शिक्षकाची जागा जाते. न जोडला तर प्राथमिकच्या गुरुजींचा पट जातो. मग ऐन उन्हाळ्यात दोन्हीकडचे शिक्षक एकाच घराच्या सोप्यात समोरासमोर बसलेले. एक म्हणतो, सायकल देतो. दुसरा म्हणतो, शिष्यवृत्तीला बसवतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिष्यवृत्ती परीक्षेचे वेड जुने आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी त्यात नाव काढले आहे, त्यामुळे हे दुसरे आमिष बऱ्यापैकी चालते. घरातले आजोबा दोघांनाही चहा पाजतात आणि पोराला गाडीवाल्याकडे पाठवतात.

सरकारच्या बाजूनेही एकदा बघू या. काही वर्षांपूर्वीच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार केला तर एका शाळेत साधारण बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. वित्त खात्यातल्या माणसाने हे पाहून कपाळाला हात लावला, तर त्याला खलनायक ठरवता येत नाही. दोन कायम शिक्षकांचा पगार तेरा मुलांत वाटला, तर दर मुलामागचा खर्च कोल्हापूर शहरातल्या महागड्या शाळेच्या फीच्या पुढे जाईल.

मग उपाय निघाला बंद करण्याचा. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून जास्त शाळा मिटवायचे ठरले, त्यावर बराच गदारोळ झाला. २०२३ मध्ये नाव बदलले: समूह शाळा. आठ-दहा वाड्यांच्या शाळा मिळून एक मोठी, सर्व सोयींची शाळा. मुलांना गाडीने आणायचे. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ हे नमुने म्हणून दाखवले गेले. तोरणमाळसारख्या डोंगरात ही कल्पना उपयोगी पडली असेल, मी नाकारत नाही. पण आजऱ्या-चंदगडकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांनी सांगावे, जुलैत ओढ्यावरून पाणी जाताना सहा वर्षांच्या पोराला कोणती गाडी कुठल्या रस्त्याने नेणार. कायदा पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत मागतो, तो काही हौसेने नाही. अंतर वाढले की आधी मुलगी घरी बसते. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमायचे ठरले, तेव्हा राज्यभरचे प्राथमिक शिक्षक सामूहिक रजेवर रस्त्यावर उतरले. त्यांच्या आंदोलनात नोकरीची काळजी होती, हे उघड आहे. पण वाडीवरच्या शाळेला कायमचा माणूस हवा, हे त्यांचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही.

माझ्या मते चूक हिशोबाच्या सुरुवातीलाच आहे. लहान शाळा म्हणजे मोठी व्हायची राहून गेलेली शाळा, असे आपण धरून चालतो. डी.एड.मध्ये शिक्षकाला शिकवतात ते एक वर्ग, एक इयत्ता, एक पुस्तक या बेताने. ‘बालभारती’ची पुस्तकेही इयत्तेच्या कप्प्यात बंद. मग तेरा मुलांत चार इयत्ता घेऊन बसलेला शिक्षक दिवसभर काय करतो? पहिलीला अक्षरे गिरवायला लावतो, दुसरीला पाढे, आणि तिसरी-चौथीला धडा ‘उतरवून काढा’. शिकवण्यापेक्षा गप्प बसवण्यात वेळ जातो.

जगात इतरांनी हा पेच असा सोडून दिला नाही. कोलंबियाच्या डोंगराळ भागात १९७० च्या दशकात ‘एस्कुएला नुएवा’ म्हणजे नवी शाळा नावाची पद्धत सुरू झाली: एक शिक्षक, अनेक इयत्ता, आणि मुलांनी स्वतःच्या गतीने सोडवायच्या पुस्तिका. ज्याला एक पायरी जमली तो पुढच्या पायरीवर, मोठा धाकट्याला शिकवणार, आणि ऊसतोडीसारख्या कामाला दोन महिने गैरहजर राहून परत आलेले मूल नापास न होता जिथे सोडले तिथूनच पुढे जाणार. आपल्या देशात आंध्रातल्या मदनपल्लेजवळच्या ऋषी व्हॅलीने खेड्यातल्या एकशिक्षकी शाळांसाठी अशीच कार्डे आणि शिडी तयार केली. तिच्याच धर्तीवर तमिळनाडूने २००७ च्या सुमारास सरकारी शाळांत कृतीवर आधारलेले शिक्षण नेले. त्यात शिक्षक फळ्याजवळ उभा न राहता जमिनीवर मुलांत बसतो. आणि फार लांब कशाला, जवळच्या सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटात, म्हणजे शाळांच्या गटात, जिल्हा परिषदेच्याच शिक्षकांनी फरशीवर, भिंतीवर, बिया-काड्यांत वर्ग मांडून दाखवला. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या वेळी राज्यभरचे शिक्षक गाड्या करून तो बघायला गेले. परत येऊन पुष्कळांनी फरशी रंगवली. रंग उरला, पद्धत थोड्याच ठिकाणी रुजली. कारण पद्धत रुजवायला हवा असलेला निवांतपणा सतत बदलीच्या आणि अतिरिक्त होण्याच्या धास्तीत मिळत नाही.

पैशाचे म्हणाल, तर समग्र शिक्षा योजनेत तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान दहा हजार रुपये. यात वीजबिल, खडू, स्वच्छतागृहाची डागडुजी सगळे आले. एकतिसावे मूल आले की पंचवीस हजार. पत्र्याला गळती तीस मुलांच्या शाळेलाही तेवढीच असते, हे कोष्टकात बसत नाही.

दर वर्षीचा हा सगळा हिशोब ठरतो ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी जी नावे संगणकावर आहेत आणि ज्यांचे आधार जुळले आहे, ती मुले. आधारकार्डावर वडिलांचे नाव एका अक्षराने चुकले तरी वर्गात जिवंत बसलेले मूल मोजणीत येत नाही, आणि गुरुजी शाळा सोडून आधार केंद्राच्या रांगेत उभे राहतात.

नेसरीच्या आसपास दसरा-दिवाळी सरली, की ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, फडाच्या कडेला पालांच्या खोपी. त्यांतली बरीच कुटुंबे बीडकडची. पोरांचे नाव गावाकडच्या शाळेत असते, तिथे ती नसतात. इथे ती असतात, पण नाव नसते. त्यांच्यासाठी राज्याने शिक्षण हमी कार्ड काढले, गावाकडे हंगामी वसतिगृहे काढली. कधी त्यांचा उपयोग होतो, कधी कार्ड खोपीतल्या पेटीच्या तळाशी राहते. जवळच्या विद्या मंदिरातली एखादी बाई त्यांना सकाळी फडावर जाऊन बोलावून आणते, शेवटच्या रांगेत बसवते, दुपारी खिचडी वाढते. वर्गात त्या दिवशी चौदा मुले असतात. पण पटावर मात्र नऊच.